आधी आभार

आपल्याकडे कार्यक्रम संपत आला की एक गृहस्थ माइकपाशी येतात, खिशातून चार घड्या घातलेला कागद काढतात आणि म्हणतात, "आता आभारप्रदर्शन." हा शब्द कानावर पडल्याबरोबर सभागृहात जे होतं ते तुम्ही पाहिलंय. पाहिलंय कशाला, केलंय. खुर्च्या करकरतात, बायका झोपलेली पोरं खांद्यावर टाकतात, कुणीतरी दुसऱ्याचीच चप्पल घालून अगदी शांतपणे निघून जातो. आणि माइकवरचे गृहस्थ रिकाम्या खुर्च्यांना सांगत राहतात, की आपण सर्वांनी शेवटपर्यंत थांबून जे सहकार्य केलंत...

आमच्या गाणाऱ्या अक्कांना हे बघवत नसे. म्हणून त्या आभार आधी मानत.

आधी म्हणजे किती आधी? पहिल्या गाण्याच्या आधी. कधी कधी साउंडवाल्यानं वायर जोडायच्या आधी. एकदा तर आम्हाला जेवायला बोलावणाऱ्या यजमानीणबाईंच्या पोळ्यांचे आभार, पीठ मळलं जात असताना, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून. त्या बाईंनी मग पिठात आणखी एक पळी तेल घातलं. मी डोळ्यांनी पाहिलं.

मी गारखेड्यात पंखे आणि मिक्सर दुरुस्त करतो. हा पोटाचा धंदा. घशाचा धंदा निवेदनाचा. माइक हातात आला की माझं मला राहवत नाही, हे माझी बायको तुम्हाला सांगेलच. आमच्या कॉलनीच्या गणपतीत अक्कांनी मला पहिल्यांदा ऐकलं. मी स्टेजवरून उतरलो तर पायरीशी एक ठेंगणीठुसकी बाई उभी. पिकलेला अंबाडा, मोरपंखी रेशमी साडी, आणि साडीखाली पांढरेशुभ्र स्पोर्ट शूज.

"तुम्ही लई बोलता," त्या म्हणाल्या. "पण मधी मधी चांगलं पण बोलता. माझ्याकडं याल का?"

त्या दिवसापासून मी त्यांचा निवेदक झालो, आणि माझं नाव 'बोलके' पडलं. खरं नाव त्यांनी कधी विचारलंच नाही. जगातल्या प्रत्येक सतरंजीवाल्याचं नाव विचारणाऱ्या बाईनं माझं विचारलं नाही, हे मी अजून मनात धरून आहे.

अक्का काय गात, असं विचारण्यापेक्षा काय गात नसत ते विचारावं. सकाळी कुणाच्या वास्तुशांतीला भक्तिगीतं. दुपारी कुणाच्या निवृत्तीच्या सत्काराला भावगीतं. एप्रिलात जयंतीच्या मंचावर असा खडा आवाज, की मागच्या रांगेतला म्हातारा सावरून बसावा. आणि छावणीतल्या लग्नघरांत, बायकांच्या घोळक्यात मांडी ठोकून, ढोलकीवरची दखनी गाणी. त्यांचं माहेर छावणीच्या मागच्याच वस्तीत. लहानपणापासून ती गाणी कानावर पडलेली. "गाणं कुठलं का आसंना," त्या म्हणत, "ऐकणाऱ्याच्या घरचं वाटलं पायजे." स्पोर्ट शूजबद्दल कुणी छेडलंच तर उत्तर तयार असे. "स्टेजवर पाय कुठं दिसतात? आवाज दिसतो."

पेटीला त्यांचे यजमान. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि तिथल्या यंत्रांच्या गडगडाटात आपलं बोलणं कुणालाच ऐकू जात नाही हे कळल्यावर त्यांनी बोलणंच सोडून दिलं असावं. घरातसुद्धा ते पेटीवरच बोलत. पसंत असेल तर लांब, गोल षड्ज. नापसंत असेल तर भाता मिटल्याचा आवाज. फट्. अक्कांनी भाजीत मीठ जास्त घातलं की आतल्या खोलीतून फट् ऐकू यायचं.

कार्यक्रमाच्या जागी आम्ही बरेच आधी पोचायचो, कारण अक्कांना फेरी मारायची असे. "दादा, तुमचं नाव काय ओ? आन् ह्या सतरंज्या कुणी टाकल्या? चहाला कोण हाय? गेटवर कोण?" सगळी नावं तोंडपाठ. कागद नाही, काही नाही. मग स्टेजवर बसल्या, काकांनी सूर दिला, की डोळे मिटून एक आलाप, आणि मग आभार. सतरंजीवाल्यापासून सुरुवात, अध्यक्ष सगळ्यात शेवटी. अध्यक्षांचे चेहरे त्या वेळी बघण्यासारखे असत.

पहिल्या पहिल्यांदा मला हे विचित्रच वाटायचं. एकदा जीपमध्ये मी म्हटलं, "अक्का, जे अजून झालंच नाही त्याचे आभार कसे मानायचे?"

"झाल्यावर कोण बी मानतं," त्या म्हणाल्या. "लोकं निघून गेल्यावर मानलेले आभार म्हंजे गाडी सुटल्यावर हलवलेला रुमाल. आधी मानले की माणूस अडकतो, बोलके. त्याला ते काम मग करावंच लागतं."

"म्हणजे तुम्ही लोकांना अडकवता?"

"व्हय. आन् मानणारी पण अडकते की. मला पण मग गावंच लागतं."

हे दुसरं वाक्य मी तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही.

मनावर घेतलं ते गंगापूरकडच्या एका गावात. संध्याकाळचा कार्यक्रम. अक्कांनी नेहमीसारखे आभार मानले. लाइटवाल्याचं नाव घेऊन, "आज आपल्याला उजेड देणारे" म्हणून, त्याला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. तो लाजून खाली बसला आणि लाइट गेली. पलीकडच्या शेतातल्या डीपीवर धडाम् झालं आणि सगळं गाव काळंमिट्ट. लोक उठायला लागले. लाइटवाला तर कुठं दिसेना. मी म्हटलं, "अक्का, आवरा आता."

"आवरा कसं? आभार मानलेत ना?"

"अहो, पण लाइट नाही, माइक नाही, माणसं चाललीत!"

"मग? मानलेले आभार काय परत मागू? उजेडाचे तेवढे परत द्या म्हणू?" आणि त्यांनी अंधारात, उघड्या गळ्यानं सुरुवात केली. समोर असतील नसतील तेवढी पाच-सहा माणसं. पहिलं गाणं संपत आलं तेवढ्यात रस्त्याकडून घरघर ऐकू आली आणि दोन प्रचंड डोळे आमच्यावर रोखले गेले. लाइटवाला ट्रॅक्टर घेऊन आला होता. स्टेजच्या समोर आणून उभा केला, हेडलाइट आमच्यावर, आणि उतरून मला म्हणतो, "चारचौघांत नाव घेऊन आभार मानले हो बाईंनी. आता पळून गेलो तर उद्या गावात हिंडू कसा?"

लोक परत आले. ट्रॅक्टरच्या उजेडाला भुललेले किडेही आले. एक किडा तर अक्कांनी आ वासून लावलेल्या तार षड्जात थेट शिरला. अक्कांनी सूर सोडला नाही. गिळला. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर त्यांचा आवाज आला, "...आन् त्या किड्याचे पण आभार. आजवर लई लोकांनी ऐकलं, पण इतक्या आतपर्यंत येऊन कुणी नाय ऐकलं."

हे सकाळचे आवाजी निरोप म्हणजे आमचं वर्तमानपत्र होतं. आधी कालचा कार्यक्रम कसा झाला, मग पुढचा प्रवास, मग आभार. प्रवासाचा भाग मी दोनदा ऐकायचो, कारण त्यात भूगोलाचं काही चालत नसे. "उद्या परभणी. जाताना सिल्लोडवरनं जाऊ." आता परभणी एकीकडे आणि सिल्लोड भलतीकडेच. पण सिल्लोडात एका पंक्चरवाल्यानं मागं कधीतरी भर उन्हात आमचं चाक काढून दिलं होतं आणि घाईत त्याचे आभार राहिले होते. राहिलेल्या आभारांसाठी अक्का पदराला गाठ मारत. आभार पोचते झाले की गाठ सोडत. सिझनमध्ये त्यांच्या पदराचं टोक चिंचेच्या आकड्यासारखं दिसायचं. रेशमी साडीवर इस्त्री फिरवण्यात अर्थ नव्हता. ड्रायव्हर नकाशा बघायचा नाही, आरशातून पदर बघायचा.

क्रांती चौकात आमची जीप एकदा सिग्नल तोडताना सापडली. हवालदारसाहेब खिडकीशी येतात न येतात तोच अक्कांनी मागून डोकं बाहेर काढलं.

"साहेब, सोडल्याबद्दल लई आभार!"

"ओ बाई, मी कुठं सोडलंय?"

"आत्ता सोडाल की. मी आपले आधी मानून ठेवले. नाव काय म्हणलं तुमचं?"

साहेबांनी इकडे तिकडे बघितलं, नाव काही सांगितलं नाही, आणि हातानंच 'निघा' म्हणाले. काकांनी मांडीवरच्या पेटीतून बारीकसा षड्ज काढला.

फक्त एक गोष्ट या बाईला जमत नसे. स्वतःचे आभार ऐकून घेणं. कुणी जवळ येऊन "अक्का, आज तुमच्यामुळं..." असं सुरू केलं की त्या खोकायच्या, बूट शोधायच्या, "पेटी भरा, पेटी भरा" म्हणून काकांच्या मागं लागायच्या. एका सत्कारात त्यांच्या खांद्यावर शाल घातली, मानपत्र वाचायला कुणीतरी घसा साफ केला, तर अक्कांनी ती शाल शेजारच्या सतरंजीवाल्याच्या खांद्यावर घातली आणि विंगेतून पसार. वाचणाऱ्यानं मग ते मानपत्र सतरंजीवाल्याकडे बघून पूर्ण केलं. दोघांचंही चुकलं असं मला वाटत नाही.

आता चाचांकडे येतो.

छावणीच्या बाजारात चाचांचं चहाचं दुकान आहे. मागं घर, पुढं दुकान. कुठल्याही कार्यक्रमाला जायचं असो, जीप आधी तिथं थांबणार, आणि चाचा अद्रक ठेचून घातलेला कडक चहा थर्मासमध्ये भरून देणार. त्या चहावर अक्कांचा गळा चालतो अशी दोघांचीही समजूत.

"अक्का," चाचा म्हणायचे, "हमारी चाय का शुक्रिया आप पीने के पहलेच बोल देते. कभी पीको बोलो ना!"

"पिल्यावर बोलायचं म्हणलं तर चव बघून बोलावं लागंल, चाचा."

"या अल्ला! सुन रहे बोलके साब? इनकू चाय नक्को, चाय की बेइज्जती होना."

चाचांची एकुलती एक लेक. लहानपणी अक्कांच्या मांडीवर बसून ढोलकी बडवायची, आता रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करते. तिचं लग्न ठरलं तेव्हा चाचांनी अक्कांना एकच गोष्ट मागितली. रुखसतीचं गाणं, म्हणजे मुलगी सासरी निघताना गायचं गाणं, अक्कांनी गायचं. अक्कांनी जागच्या जागी हात जोडले. "तुमच्या घरच्या रुखसतीला गाऊ दिलंत, त्याबद्दल आभार." झालं. अडकल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दुबईहून फोन आला. तिथल्या मराठी माणसांच्या मंडळाला त्यांच्या सोहळ्यात अक्का हव्या होत्या. तिकीट त्यांचं, राहणं त्यांचं. वादक तिथलेच. म्हणजे काका नाहीत, मी नाही, पेटी नाही. अक्का एकट्या.

आमच्या टोळीत नुसता जल्लोष. आयुष्यभर जीप आणि लालपरी, आणि आता एकदम विमान! अक्का वरकरणी अगदी निवांत होत्या. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस घरी आले तर ते बसायच्या आधीच त्यांचे आभार मानून मोकळ्या. दुबईवाल्यांना लांबलचक आवाजी निरोप गेला, त्यात सभागृहाचे, जेवणाचे, ज्यांना अजून पाहिलं नाही त्या वादकांचे, आणि "तुमच्या तिथल्या वाळूचे सुद्धा" आभार होते.

"भीती वाटते का ओ अक्का?" मी विचारलं.

"मला? विमानानं मला भ्यावं."

पण दोन दिवसांनी त्या माझ्या दुकानात आल्या, स्टुलावर बसल्या, आणि वर फिरणाऱ्या पंख्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"ओ बोलके. चालू पंखा मधीच बंद पडला तर पाती किती वेळ फिरतात?"

"बराच वेळ. का?"

"काय नाय. सहज." मग दारापर्यंत जाऊन वळल्या. "बराच म्हंजे, खाली उतरेस्तोवर फिरतील ना?"

मी हसलो नाही. हसू येत होतं, पण हसलो नाही.

आणि मग तारीख सरकली. नवरदेवाच्या आजीची तब्येत बिघडली, तिच्या डोळ्यांदेखत निकाह व्हावा म्हणून त्या घरच्यांनी लग्न अलीकडं घ्यायला सांगितलं. नवी तारीख नेमकी विमानाच्याच दिवसावर आली. निकाह संध्याकाळी, रुखसती त्यानंतर, सगळी जेवणं उरकल्यावर. अक्कांचं चिकलठाण्याहून मुंबईचं विमान दुपारचं.

चाचांच्या दुकानात आमची बैठक बसली. चाचांनी एका झटक्यात प्रश्न सोडवला.

"इसमें सोचना कैका, अक्का? आप जाव. दुबई रोज रोज बुलाती क्या? बच्ची मेरी, समझ लेंगी."

"तुम्ही सोडलं चाचा, पण मी मानलेत ना आभार."

"मैं माफ करा बोलता ना!"

"तुमच्या माफीनं माझं कसं सुटंल? त्या पोरीच्या रुखसतीला गाऊ दिल्याचे मानलेत. नाय गायले तर ते खोटे झाले. एकदा खोटे झाले की बाकीचे सगळे मागचे पण खोटे. त्या ट्रॅक्टरवाल्याचे सुद्धा."

"मग दुबईला नाही म्हणा," मी म्हटलं.

"त्यांचे पण मानलेत."

"अहो, वाळूचे परत घ्या, पाहिजे तर!"

हा विनोद कुणालाच आवडला नाही. अक्कांनी चहाचा ग्लास तसाच ठेवला. त्यांना मी रिकामं बसलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. पदराच्या गाठी एकीकडून चाचपत दुसरीकडं जायच्या आणि परत यायच्या. जायचं त्यांच्या मनात किती होतं ते मला ठाऊक होतं. नवी बॅग घेतली होती, आणि ती पेटीच्या शेजारी, दिसेल अशी ठेवली होती. या बाईनं उभ्या जन्मात एकही आभार वाया जाऊ दिले नव्हते, आणि आता दोन्हींतले एक जाणार होते.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. इतका अनोळखी, की आधी कुणी गिऱ्हाईक बोललं असं वाटून मी वळून बघितलं. काका होते.

"आभार आधी मानतीस," काका म्हणाले. "मग निरोप पण आधी घे."

मग अक्कांनी चहाचा ग्लास उचलला आणि एका दमात रिकामा केला.

"सकाळी!" त्या म्हणाल्या. "चाचा, सकाळी गाते मी. रुखसती आधी, निकाह मागनं."

चाचांनी कपाळाला हात लावला. "अक्का, निकाह के पहले रुखसती? लोगां हंसते!"

"आभार आधी मानले तवा पण हसले होते."

लग्नाच्या दिवशी सकाळी आम्ही चाचांच्या घरी पोचलो. अंगणात बिर्याणीची डेगं घासली जात होती, कांद्यांचा ढीग पडला होता. मधोमध दोरीवर चादर टाकून पडदा केलेला. पलीकडं बायका, अलीकडं काका, चाचा, मी आणि कांदे चिरणारे. अक्का पडद्याआड गेल्या आणि लगेच आतून खडाजंगी ऐकू आली. चाचांची मोठी बहीण, म्हणजे मुलीची फुफी, आवाज चढवून म्हणत होती, "सुबू सुबू रुखसती गाते क्या कोई? बदशगुनी हय ये!"

मग लेकीचा आवाज आला, अगदी ठाम. "गाने देव फुफी. शाम कू पार्लरवाली का मेकअप रहता. उसमें रोने कू मिलता क्या? मैं अब्बीच रो लेती."

पडद्यापलीकडं खसखस पिकली. काकांनी षड्ज धरला, आणि अक्कांनी रिवाजाप्रमाणं आधी आभार सुरू केले. कांदे चिरणाऱ्यांचे, डेगं घासणाऱ्यांचे, फुफीच्या रागाचे सुद्धा. आणि शेवटी म्हणाल्या, "आन् जो अजून आलेला नाय, त्या नवरदेवाचे. आमच्या पोरीला जन्मभर नीट वागवल्याबद्दल, तिची नोकरी चालू ठेवल्याबद्दल, आन् घरात तिचं ऐकल्याबद्दल, लई लई आभार. कुणाच्या फोनमधी रेकॉर्ड होतंय का? मग धाडा त्याला. आत्ता, ह्या वक्ताला."

फुफी सगळ्यात मोठ्यानं हसली. "अब फंसा बिचारा!"

हसणं ओसरतंय न ओसरतंय तोच गाणं सुरू झालं. छावणीतल्या बायकांचं, ना कुणी लिहिलेलं ना छापलेलं.

चूल्हे कने का पाटा मेरा, किसकू नक्को देना मां,
आऊंगी मैं भूकी प्यासी, फिर वईंच मेरकू बैठाना मां.

मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं हिंडलो, पण असा आवाज ऐकला नव्हता. तो फेकलेला नव्हता, स्टेजचा नव्हता. घरातल्या घरात कुणाला तरी हाक मारावी तेवढाच. पडद्यापलीकडं आधी लेक रडली, मग फुफी, मग सगळ्याच. अलीकडं कांदे चिरणारे आधीपासूनच रडत होते, त्यांच्यात चाचा आणि मी बेमालूम मिसळून गेलो.

गाणं थांबलं. कुणीतरी म्हणालं, आता निघायला पाहिजे, विमान. अक्का पडदा सारून बाहेर आल्या. हातात नवी बॅग, पायांत पांढरे बूट. त्यांच्यामागं पिवळ्या कपड्यांतली, हळदीनं माखलेली लेक. तिच्यामागं फुफी आणि सगळ्या बायका. अंगणाच्या फाटकापर्यंत ही अशी वरात आली, आणि तेव्हा आम्हा सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं. नवरी घरीच होती. निघाल्या होत्या त्या अक्का.

फुफीनं पुढं होऊन अक्कांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली, सासरी जाणाऱ्या पोरीची मोडतात तशी. लेकीनं तोंड उघडलं, "अक्का, आपने मेरे वास्ते..."

अक्का खोकायला लागल्या. "बूट कुठं गेले माझे?"

"पायांत आहेत," मी म्हटलं.

पण ती पोरगी त्यांच्याच मांडीवर वाढलेली. तिनं अक्कांचा पदर हातात घेतला, आणि त्या सगळ्या गाठींच्या शेजारी, हळदीच्या बोटांनी, एक घट्ट गाठ मारली. पदरावर पिवळा डाग उमटला.

"ये मेरी गांठ," ती म्हणाली. "शुक्रिया मैं बाद में बोलती. आप वापस आको खोलना. मेरे सामने."

अक्कांच्या पदराला आजवर दुसऱ्या कुणी गाठ मारली नव्हती. त्यांनी नुसती मान हलवली. पहिल्यांदाच कुणीतरी आभार नंतरसाठी ठेवले होते, आणि अडकल्या होत्या त्या अक्का.

जालना रोडनं आम्ही त्यांना चिकलठाण्याला सोडलं. विमानतळाच्या दारावर शिपायानं तिकीट मागितलं, तर या विचारतात, "दादा, तुमचं नाव काय ओ?" मग त्या आत गेल्या. काचेतून शेवटपर्यंत दिसत होते ते पांढरे बूट.

काका आणि मी बाहेर पार्किंगमध्ये, जीपला टेकून उभे राहिलो. घरी जावंसं दोघांनाही वाटेना. थोड्या वेळानं दोघांचे फोन एकदम वाजले. ग्रुपवर अक्कांचा निरोप होता. मी आवाज मोठा केला.

"नमस्कार. विमानात बसले. खिडकी मिळाली. पट्टा बांधून देणाऱ्या पोरीचं नाव विचारून घेतलंय, लई गोड हाय. पायलटसाहेब काय भेटले नाय, ते दार लावून बसलेत. पण त्या पोरीकडनं त्यांना निरोप धाडलाय, का आम्हाला सगळ्यांना सुखरूप खाली उतरवल्याबद्दल मनापासून आभार. बरं, आता फोन बंद करा म्हणायलेत."

तेवढ्यात धावपट्टीच्या बाजूनं मोठा आवाज झाला आणि कुंपणाच्या वर विमान दिसलं. काका मान मागं टाकून बघत राहिले. ते लहान झालं, ठिपका झालं, दिसेनासं झालं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

"अडकला बिचारा," काका म्हणाले.